मधल्यांचे मणी

कारगिलच्या अलीकडे, रस्त्यावरून
३ सप्टेंबर

प्रिय ताई,

राखी मिळाली. पाकिटातला तुझ्या चिमीचा फोटोपण मिळाला. हे पत्र मी जेसीबीच्या केबिनमध्ये बसून लिहितोय. पुढं डोंगराला सुरुंग लावलेत, रस्ता दोन तास बंद आहे, त्यामुळं हाताला काम नाही. नववीतून काढलेल्या माणसाचं पत्र आहे, लाल पेन घेऊन बसू नकोस. फोन केला असता, पण इथं रेंज येते-जाते, आणि बोलता बोलता फोन कटला तर मी पुन्हा लावणार नाही हे मला माहीत आहे. कागद मध्येच कटत नाही.

पहिले काम की बात. परवा शरदकाकांचा फोन आला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला जेवलास का म्हणून विचारलं. मग म्हणाले, "एकोणीस तारखेला कोर्टात तुझी साक्ष आहे. येऊन दोन वाक्यं बोल आणि वापस जा, भिया." वाक्यंपण त्यांनीच सांगितली, दोनदा. की मी सांवेरकडून असाच चाललो होतो, खदानीच्या पाण्याच्या कडेला बुद्धरत्नदादा पडलेला दिसला, जवळपास ना माणूस ना गाडी. बस. पोलिसांत मी तेव्हा हेच लिहून दिलं होतं, मतलब नवीन खोटं बोलायचं नाही, जुनंच परत बोलायचं. मी हे बोललो तर काका आणि त्यांचे दोन दोस्त सुटतात. कारण दादानं त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखलंय, आणि आवाज कोर्टात किती टिकतो ते तुला वकिलानं सांगितलंच असेल. आणि मी नाही बोललो तर काय, तेपण काकांनी सांगितलं. ते शेवटी लिहितो. आत्ता लिहायला घेतलं तर मी केबिनमधून उतरून पळून जाईन.

इथं पण भेक आहे, ताई, तोच बेडकासारखा पण खरबरीत अंगाचा. मागच्या आठवड्यात मलबा उचलताना बकेट एका ओल्या जागी लागलं, तिथं डोंगरातून झरा आहे. दगडाखालून हा बाहेर आला. आपल्याकडच्यापेक्षा छोटा, पाठीवर हिरवे धब्बे. माझा हेल्पर दगड घेऊन धावला, मी केबिनमधून उडी मारली आणि त्याचा हात धरला, इतका जोरात धरला की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. भेक पळाला नाही. पळत नसतातच ते, तुला माहीत आहे. बेडूक उडी मारून पाण्यात जातो, भेक जागीच अंग फुगवतो, मागचे पाय ताणून उभा राहतो आणि मारणाऱ्यासमोर पाठ करतो. चल, मार. मी त्याला दादानं शिकवलं तसं उचललं, पुढच्या पायांच्या मागं दोन बोटं घालून. पोट थंड होतं. मी त्याला झऱ्याच्या कडेला परत ठेवलं.

दादा म्हणायचा ना, या डोंगरांच्या पलीकडं, पाकिस्तानच्या बाजूला, एक भेक आहे, दोन जातींच्या मेळातून झालेला. आपल्या सगळ्यांच्या अंगात दोन वाटे असतात, एक आईचा एक बापाचा, त्याच्या अंगात तीन. आणि तरी त्याला पोरं होतात, पोरांना पोरं होतात, कोणाच्या बापाला न विचारता ती एक वेगळी जात होऊन बसलीय. तेव्हा मी गाडी चालवत होतो आणि मला वाटलं होतं की हा फेकतोय. आता तो डोंगर मला रोज दिसतो. आम्ही त्याच्या अलीकडं सुरुंग लावतो.

मी दादाला कसा भेटलो ते तुला अर्धंच माहीत आहे. इंदूरला पोलोग्राउंडच्या वर्कशॉपमध्ये मी लेथवर होतो. एका दुपारी हा चष्मेवाला आला आणि म्हणाला, सहा फुटाचा पाइप पाहिजे, एका हातानं पेलेल इतका हलका, टोकाला जाळी बसवायची आहे, पाण्यात गंजला नाही पाहिजे. बाबूराव मिस्त्री म्हणाले, "मछली पकडोगे क्या साहब?" तो म्हणाला, "नाही, भेक." सगळं वर्कशॉप हसलं. मिस्त्रींनी मला हाक मारली, "परश्या, तुझ्या जातभाईंसाठी काठी बनव." मी अ‍ॅल्युमिनियमचा पाइप घेतला, टोकाला आटे पाडले, जाळीची कडी त्यावर फिरवून बसेल अशी. त्यानं ती फिरवून पाहिली, काढली, परत बसवली आणि म्हणाला, "हात चांगला आहे रे तुझा." ताई, या हातांना तोपर्यंत शाळेत पट्टी मिळाली होती, आणि एकदा तीच पट्टी मी सरांच्या तोंडावर मारली म्हणून नववीतून बाहेर काढलं होतं. घरी काकांचा पट्टा होता. हात चांगला आहे असं कोणी म्हटलं नव्हतं. महिन्याभरात मी वर्कशॉप सोडलं आणि त्याच्या प्रोजेक्टची गाडी चालवायला लागलो. आणि तू एम.एस्सी.ला होतीस, प्रोजेक्ट शोधत होतीस, तुझं नाव त्याला मीच सांगितलं. हेपण लक्षात ठेव.

ते दोन पावसाळे माझ्या आयुष्यातले चांगले होते. सांवेर रोडच्या मुरमाच्या खदानी, आजूबाजूला सोयाबीन, आणि आपण तिघं गुडघाभर पाण्यात. दादा शिकवायचा तेव्हा कोण शिकलेला कोण नाही, असं करायचा नाही. एक भेक घरांजवळच्या ओलीतला, डोक्यावर काळ्या कडा असलेला. दुसरा उघड्या कोरड्या रानातला, सपाट डोक्याचा. दोघांचं पाणी वेगळं, आवाज वेगळा. मग रस्तेवाल्यांनी मुरूम खणला, शेतवाल्यांनी नाले वळवले, खड्ड्यात पाणी साचलं आणि दोघं एकाच पाण्यात आले. कुठं कुठं मेळ झाला. त्या पिल्लांना पुस्तकात संकर म्हणतात, पण दादा तो शब्द वापरायचा नाही. म्हणायचा, "हा शब्द माझ्या आजोबांना शिवी म्हणून ऐकवलाय लोकांनी." तो त्यांना मधले म्हणायचा. मधल्यांच्या डोक्यावर कड असायची पण पुसट, आणि ओरडायला लागले की दोन्ही आवाज एकमेकांत अडकल्यासारखे. बहुतेक मधले वांझ निघतात, तो सांगायचा. पण सगळेच नाही. जे निघत नाहीत ते आपसात जुळले, आणि माणसांनी त्यांना हजारो वर्षं जगू दिलं, तर तिसरी जात. "माणसांनी जगू दिलं तर" म्हणताना तो दरवेळी चष्मा पुसायचा.

प्रेमाबिमाचं काही सुंदर नव्हतं तिथं. तुला तो गोळा आठवतो? एका मादीवर सात नर, सगळ्यांनी एकमेकांना आवळलेलं, आणि मादी खाली बुडून मेलेली. वरचे सोडत नव्हते. मेलेलीला सोडत नव्हते. तू तोंड फिरवलंस. दादानं एकेकाचे हात सोडवले आणि ती मेलेली मादी बाजूला काढून कागदावर लिहिली. मी म्हणालो, यांना काडीची अक्कल नाही. दादा म्हणाला, अक्कल नाही म्हणून ते करतात, आपण अक्कल असून करतो. तेव्हा मी हसलो होतो.

आणि मणी. प्रत्येक भेकाला ओळखायचं कसं, तर कमरेला बारीक लवचीक दोरा, त्यात मणी. ओलीवाल्याला पांढरे, रानवाल्याला लाल, मधल्याला काळे. मणी तू आणायचीस, राजवाड्यामागच्या दुकानातून. बांधायचो मी, कारण दोरा जास्त आवळला तर कातडी कापते आणि सैल राहिला तर गळून पडतो, आणि तेवढा अंदाज तुम्हा दोघांच्या हातात नव्हता. मी म्हणायचो, चला, बाळाला करगोटा बांधू. तू म्हणायचीस, मधल्यांना दृष्ट लागू नये म्हणून काळे. मी एकट्यानं एकशेचाळीस मधल्यांना काळे मणी बांधलेत. ही गोष्ट जगात माझ्याइतकी कोणाला माहीत नव्हती.

दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस आपण परत येत होतो. तुम्ही दोघं मागं, मी चालवत होतो. तुम्ही इंग्लिशमध्ये बोलत होतात, आधीसारखं मला मध्ये घेऊन नाही. मग दादानं मराठीत, मला ऐकू यावं म्हणून, अमेरिकेतल्या वाळवंटातल्या भेकांचं सांगितलं. तिथं पाणी भरपूर असेल तर मादी आपल्याच जातीचा नर निवडते. पण पाणी उथळ असेल, लवकर आटणार असेल, तर कधी कधी ती दुसऱ्या जातीचा निवडते, कारण त्याच्यापासून झालेली पिल्लं लवकर पाय फोडतात आणि आटायच्या आत बाहेर पडतात. तू विचारलंस, "पण तिला कसं कळतं पाणी आटणार ते?" तो म्हणाला, "तिचे पाय तळाला टेकतात." तू हसलीस. मी आरशात पाहिलं तर तुझा हात त्याच्या हातावर होता. तुझे पाय आपल्या घरात कधीपासून तळाला टेकले होते ते मला माहीत होतं, ताई. काकांनी तुझ्यासाठी प्लायवूडवाल्यांचं स्थळ पक्कं करत आणलं होतं. सगळं माहीत होतं. तरी मला पहिला विचार हा आला की मला सांगितलं नाही. मी ड्रायव्हर. आणि दुसरा विचार जातीचा आला. तो आधी कधी आलाच नव्हता असं लिहिलं तर ते खोटं होईल. ज्याच्या डब्यातलं मी दोन वर्षं खात होतो त्याचा हात मला आरशात एकदम वेगळा दिसायला लागला. आपले पणजोबा होळकरांच्या फौजेत, त्याचे महूला इंग्रजांच्या फौजेत. दोघंही शिपाईच. पण आपल्या घरात एक फौज वर होती आणि एक खाली, आणि मी त्याच घरात जेवून मोठा झालो.

त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे ते असं. तू दोन दिवस भोपाळला गेली होतीस. आईनं कपाट आवरताना तुझ्या पर्समध्ये काळ्या मण्यांच्या सरी पाहिल्या, दोन-तीन. आई घाबरली, तिनं काकांना दाखवल्या. काळे मणी म्हणजे मंगळसूत्र, मंगळसूत्र म्हणजे पोरगी महूला जाऊन लग्न करून आली. काका पिसाळले. तू अजून म्हणतेस, दिवाळीच्या फोनवरपण म्हणालीस, की त्या दुपारी परेश घरी असता तर त्यानं सांगितलं असतं मणी कशाचे ते, आणि काही झालं नसतं. आणि दादाला पाठीशी बांधून दवाखान्यात आणणारापण परेशच. दरवर्षी राखीच्या पाकिटावर तू लिहितेस, माझ्या घराचा राखणदार. ते पाकीट मी अक्षरं खाली करून उघडतो.

आता माझं ऐक. खदानी पन्नास आहेत सांवेर रोडला. त्या संध्याकाळी दादा कोणत्या खदानीवर असेल ते फक्त मला माहीत होतं. काकांचा टेम्पो मी चालवला. मागं काकांचे दोन दोस्त होते, तेच, ज्यांना तू कोर्टात पाहतेस. अजून उजेड होता, दिवेलागणीची वेळ. दादा पाण्याच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता, पाणी उडतं म्हणून चष्मा खिशात, आणि त्याशिवाय त्याला चेहरे नीट दिसत नाहीत. पहिला घाव मागून, पान्यानं, खांद्यावर. तो पाण्यात पडला, दोघांनी त्याला केसांनी ओढून बाहेर काढलं. काका ओरडत होते, "मेंढक शिकवतो? आमच्या पोरीला मेंढक शिकवतो?" लाथा घातल्या, बरगड्यांचा आवाज आला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. मी टेम्पोला टेकून उभा होतो. मला वाटलं, आता तो पळेल. खदानीच्या पलीकडून सोयाबीनमध्ये शिरला असता तर त्यांना सापडला नसता. तो पळाला नाही. हात टेकून उभा राहिला, तोंडातून रक्त, आणि म्हणाला, "काका, बसून बोलू." याच्यावर ते जास्त भडकले. पळणाऱ्याला माणूस सोडून देतो, ताई. उभं राहणाऱ्याला नाही.

त्याची बादली लवंडली. त्यातून भेक बाहेर यायला लागले, सावकाश, जसे येतात. दोस्तांपैकी एकानं बूट ठेवला. मग खेळ असल्यासारखा दुसरा, तिसरा. ते फुगत होते आणि बुटाखाली फुटत होते. काकांनी मोबाइलची बत्ती लावली, त्यांना पाहायचं होतं की दादा किती उरलाय, आणि बत्ती खाली पडली त्या चिरडलेल्यांवर. त्यांच्या कमरेला काळे मणी. काका वाकले. एकाला पायानं उलटं केलं, दोरा बोटानं उचलला. दुसऱ्याचा पण. मग मान वर करून त्यांनी दादाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं.

का पाहिलं, ते हे. मी त्या दुपारी घरी होतो. स्वयंपाकघरात, ओट्याजवळ, पोहे खात. काकांनी मण्यांची सर माझ्या ताटलीवर लटकवली. आई म्हणत होती, "भाऊजी, ते तिच्या प्रोजेक्टचं काहीतरी असेल, ती म्हणाली होती बेडकांना घालतात." काका हसले. म्हणाले, "बोल भिया, तू तर असतो तिकडं. मेंढकांना मणी घालतं का कोणी?" त्या घरात मला कोणी काही विचारलं नव्हतं कधी. बाबा गेले तेव्हापासून नाही. आणि काका विचारत होते, माझ्या खांद्यावर हात ठेवून, जसं मर्द मर्दाला विचारतो. मला आरसा आठवला. मी हसलो. तोंडात घास होता. म्हणालो, "मेंढकांना कशाला मणी, काका." एवढंच. मला सहा महिने जेलमध्ये ठेवूनपण जे वाक्य पोलिसांना माझ्या तोंडून काढता आलं नसतं ते मी पोहे खाता खाता बोललो. आईनं माझ्याकडं पाहिलं आणि गॅसकडं वळली. तिनं तुला आजपर्यंत सांगितलं नाही, पोराला वाचवायचं म्हणून. तिच्यावर रागवू नकोस. जमलं तर.

तर काकांनी ते मणी पाहिले आणि त्यांना कळलं की लग्न-बिग्न काही झालेलं नाही, पोरगी खरं सांगत होती, आपण मण्यांसाठी माणूस फोडला. थांबता आलं असतं. तिथं पाणी होतं, टेम्पो होता, दवाखाना होता. काकांनी दोरा खिशात टाकला. दादाची जाळी पडली होती, तिची कडी त्यांनी फिरवून काढली आणि पाइप माझ्या हातात दिला. म्हणाले, "आता तू. घरचा माणूस तू आहेस." मी मारला, ताई. एकदाच. ज्या टोकाला मी आटे पाडले होते तेच टोक, त्याच्या डाव्या डोळ्यावर. कोणी माझा हात धरून मारवला नाही. हात चांगला होता, नेम चुकला नाही.

मग ट्रॅक्टरचा आवाज आला आणि ते पळाले. मी टेम्पोत चढलो नाही. का, ते विचारू नकोस, याच्यात चांगुलपणा शोधू नकोस. पाय हलले नाहीत. पाइप मी पाण्यात फेकला, चिंचेच्या बाजूच्या कोपऱ्यात. दादाला त्याच्याच मोटरसायकलवर बसवलं, गमछ्यानं माझ्या पाठीशी बांधलं आणि इंदूरपर्यंत आणलं. माझ्या कॉलरमधून त्याचं रक्त खाली जात होतं, गरम. मध्ये एकदाच बोलला, कानाशी. "पाइप घेतलास का?" तू समजलीस की तो बेशुद्धीत जाळीचं विचारत होता, तू हे सगळ्यांना कौतुकानं सांगतेस, बघा मरणाच्या दारात पण कामाचं. ताई, तो शुद्धीवर होता. त्याच्या जबाबात तीन माणसं आहेत. वकिलाला विचार, तीनच. आम्ही चार होतो. त्यानं एका डोळ्यानं चौथा मोजला आणि लिहून दिला नाही. तुझा भाऊ एकच आहे म्हणून. मला तर असंच वाटतं. त्याला कधी विचारायची माझी हिंमत झाली नाही. तुमच्या लग्नाला मी कोर्टाच्या फाटकाबाहेर उभा होतो, आत आलो नाही, आणि त्याच आठवड्यात इकडं निघून आलो. तुला वाटलं, काकांच्या भीतीनं.

तीन वर्षं असंच चाललं असतं. पण यंदा फोटो आला. चिमी उघडी, पोट पुढं काढून उभी, आणि कमरेला काळ्या मण्यांचा करगोटा. मी पाहताच ओळखले, ते उरलेले मणी आहेत. राजवाड्यामागचे, एका बाजूनं थोडे चपटे. दादा दृष्टबिष्ट मानत नाही, मग हे कशाला, असा मी विचार करत होतो. मग फोटो उलटा केला. मागं त्याच्या अक्षरात, वहीत लिहायचा तसं: "मधली, क्र. १. वजन अकरा किलो. आवाज दोघांपेक्षा मोठा." मी केबिनमध्ये बसून हसलो, आणि मग स्टिअरिंगवर डोकं आपटलं, कपाळ फुटेपर्यंत. हेल्परला सांगितलं, दगड लागला.

आता शेवटचं, जे वर लिहायचं टाळलं होतं. काका फोनवर म्हणाले, "तू ती दोन वाक्यं नाही बोलला, तर मी स्वानंदीला सांगणार, स्वयंपाकघरात तू काय बोलला ते. पाइपचं पण. मग बघू तुला कोण राखी पाठवतं." त्यांच्याकडं माझ्याविरुद्ध हे एवढंच हत्यार आहे आणि त्यांना पक्कं माहीत आहे की जेलपेक्षा मी याला जास्त घाबरतो. म्हणून हे पत्र. आता त्यांचा हात रिकामा आहे. मी सतरा तारखेला इंदूरला उतरतोय, घरी नाही, सरळ सरकारी वकिलाकडं जातोय, आणि एकोणीसला चार माणसं सांगणार आहे, चौथ्याच्या नावासकट. पाइप त्याच कोपऱ्यात असेल, त्यावरचे आटे बाबूराव मिस्त्री ओळखतील. तुला हे कोर्टात बाकावर बसून, त्या तिघांच्या समोर, पहिल्यांदा ऐकायला लागू नये, एवढ्यासाठी मी हे आधी पाठवतोय. राखी याच पाकिटात परत ठेवलीय. तू ती दुसऱ्या माणसासाठी पाठवली होतीस, तो माणूस त्या दुपारी घरी नव्हता. माफ कर असं लिहिणार नाही, तो डोळा तुझ्या घरात रोज समोर बसून जेवतो. पुढं सुरुंगाची शिट्टी झाली, थांबतो. एकच कर. उद्या चिमी मोठी झाली आणि तिला कोणी हसत विचारलं, हे मणी कशाचे गं, तर तिला खरं सांगायला शिकव. लगेच, तोंडातला घास गिळायच्या आधी.

तुझाच, जबाबात न लिहिलेला चौथा,
परेश